जाळल्याने बाजार मरत नाही

२६ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनमध्ये, चेल्सीजवळ थेम्स नदीतल्या एका बोटीवर जो कोरे यांनी आपला पंक संग्रह पेटवून दिला. कपडे, ध्वनिमुद्रिका, कितीतरी जुन्या वस्तू. पन्नास लाख पौंडांचा ऐवज, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. कोरे हे माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचे चिरंजीव. मॅक्लॅरन सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे व्यवस्थापक, तर वेस्टवुड त्या बँडला आणि त्या काळाला वेश देणाऱ्या. पिस्टल्सची ‘अनार्की इन द यूके’ ही पहिली सिंगल २६ नोव्हेंबर १९७६ला बाजारात आली होती, म्हणून चाळिसाव्या वर्षदिनी ही होळी. त्या वर्षी लंडनच्या महापौरांच्या पाठबळाने आणि ब्रिटिश लायब्ररीसारख्या संस्थांच्या सहभागाने पंकची चाळिशी साजरी होत होती. व्यवस्थेवर तुटून पडलेल्या चळवळीचा व्यवस्थेनेच सोहळा मांडला, याचा कोरे यांना संताप होता.

संताप मला कळतो. होळी मात्र चुकीची होती, आणि तिच्यातून अनेकांनी काढलेला निष्कर्ष त्याहून चुकीचा आहे. तो निष्कर्ष असा: पंक ही विकण्या-घेण्याची गोष्ट कधीच नव्हती, त्यामुळे आज इंटरनेटवर जुने फ्लायर, बिल्ले, टीशर्ट, सिंगल्स शोधत बसणारा माणूस पंकचा चाहता नाही, त्याचा व्यापार मांडणारा आहे, आणि पंकशी इमान राखायचं तर या वस्तू नष्ट झालेल्याच बऱ्या. संगीतवेड्यांच्या गप्पांत हा सूर मला वारंवार ऐकू येतो. तो नैतिक वाटतो, म्हणून त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी विचारणार आहे, कारण या वस्तू शोधणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि त्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही.

आधी इतिहास पाहू. पंक विक्रीच्या बाहेर कधी होतं? लंडनमधला ४३०, किंग्ज रोड हा पत्ता घ्या. मॅक्लॅरन आणि वेस्टवुड यांनी १९७१मध्ये तिथे ‘लेट इट रॉक’ नावाने कपड्यांचा धंदा सुरू केला. १९७४मध्ये त्याचं नाव ‘सेक्स’ झालं, १९७६च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’. सेक्स पिस्टल्स या नावातला पहिला शब्द याच दुकानाच्या पाटीवरचा. बेस वाजवणारा ग्लेन मॅटलॉक तिथे काउंटरवर काम करायचा. गायक म्हणून जॉनी रॉटनची परीक्षा झाली ती तिथल्याच ज्यूकबॉक्ससमोर. ज्या बँडचा हवाला देऊन विक्रीला पाप ठरवलं जातं, तो बँड कपड्यांच्या दुकानात जन्माला आला आहे. आणि तिथले कपडे स्वस्त नव्हते. ज्यांना ते परवडत नसत ती पोरं घरचे जुने शर्ट फाडून, सेफ्टी पिना टोचून, स्टेन्सिलने अक्षरं उठवून आपले कपडे स्वतः बनवत. त्या पोरांचं काम मला दुकानातल्या मालापेक्षा मोलाचं वाटतं. तेही आज कुठल्यातरी माळ्यावर पडून आहे आणि अधूनमधून ऑनलाइन विक्रीला येतं.

अटलांटिकच्या पलीकडे रमोन्स या बँडचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. त्यांचा पहिला अल्बम एप्रिल १९७६मध्ये निघाला. ध्वनिमुद्रणाचा खर्च साधारण ६,४०० डॉलर. आज तो रॉकच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात, पण अमेरिकेत त्याच्या पाच लाख प्रती खपल्याचं प्रमाणपत्र मिळायला २०१४ उजाडलं. तोवर मूळ चौघांपैकी तिघे हयात नव्हते. मग हा बँड वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहिला कशाच्या जोरावर? कार्यक्रमांच्या जोरावर, आणि आर्तुरो वेगा या त्यांच्या चित्रकार मित्राने केलेल्या टीशर्टांच्या जोरावर. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुद्रेवरून आर्तुरोने रमोन्सचं गरुडाचं चिन्ह रचलं आणि प्रत्येक गावी सभागृहात टेबल मांडून तो स्वतः शर्ट विकायचा. तो शर्ट विकत घेणाऱ्याने तेव्हा बँड जगवला. आज त्यातलाच एक विटका शर्ट शोधणाऱ्याला पंकचा शत्रू म्हणायचं, हे मला मान्य नाही.

पंकचं भांडण विक्रीशी नव्हतंच. कोण विकतो, कुणाच्या परवानगीने आणि किती किमतीला, या तीन गोष्टींवरून ते भांडण होतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ काढली, ती पाचेकशे पौंड उसने घेऊन. पहिल्या खेपेला हजार प्रती. कुठल्या बड्या कंपनीच्या दारात न जाता आपली रेकॉर्ड आपणच काढून आपणच विकता येते, हे त्या हजार प्रतींनी इंग्लंडभरच्या पोरांना दाखवलं. त्यांनी ती विकली नसती तर स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांची पुढची लाट कशी आली असती?

या वादात विरुद्ध बाजूकडे सर्वांत भक्कम साक्षीदार आहे तो क्रास. एसेक्समध्ये एपिंगजवळच्या डायल हाउसमध्ये एकत्र राहणारा हा अराजकवादी बँड आपल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावरच छापायचा की याहून जास्त पैसे देऊ नका. दुकानदाराने नफेखोरी करू नये म्हणून किंमत मुखपृष्ठावर. आता त्याच रेकॉर्ड छापील किमतीच्या कितीतरी पट दराने विकल्या जातात. हा विश्वासघात नाही का, असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मुद्दाम भाव चढवणाऱ्या दलालाची बाजू मी घेणार नाही. पण क्रासच्या १९७८च्या ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’ची पहिली आवृत्ती हातात घेऊन ऐका. आयर्लंडमधल्या ज्या कारखान्यात ती रेकॉर्ड दाबली जाणार होती, तिथल्या कामगारांनी पहिल्या रचनेला धर्मनिंदा म्हणून हात लावायला नकार दिला. बँडने ती रचना काढली आणि तिच्या जागी शांतता ठेवली. त्या शांततेला नाव दिलं ‘द साउंड ऑफ फ्री स्पीच’. पुढच्या आवृत्तीत मूळ रचना परत आली. म्हणजे १९७८मध्ये एका प्रेसिंग प्लांटमध्ये घडलेला तो नकार आणि त्याला दिलेलं ते उत्तर, दोन्ही त्या पहिल्या आवृत्तीच्या खाचांमध्ये आहेत. ती वस्तू ज्याने जपली, विकत घेतली, पुढच्याच्या हाती दिली, त्याने क्रासचा अपमान केला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरा आक्षेप घेणारे मवाळ असतात. त्यांचं म्हणणं, सगळं संगीत आता मोबाइलवर ऐकता येतं, मग कागदाचे कपटे आणि प्लास्टिकच्या तबकड्या हव्यात कशाला? संगीत ऐकता येतं, हे खरं. स्क्रिटी पोलिटीची १९७८ची पहिली सिंगल ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ही ऐकता येते. पण तिच्या झेरॉक्स केलेल्या मुखपृष्ठावर स्टुडिओचं भाडं किती, मास्टरिंगला किती, प्रती दाबायला किती, लेबलं छापायला किती, याचा हिशेब मांडला आहे. वाचणाऱ्याने तो वाचावा आणि स्वतःची रेकॉर्ड काढावी म्हणून. ‘स्पायरल स्क्रॅच’च्या मुखपृष्ठावर कोणतं गाणं कितव्या टेकला पक्कं झालं आणि त्यावर नंतर काय चढवलं, हे छापलेलं आहे. अशा मजकुराला त्या चळवळीचा अर्धा भाग म्हटलं पाहिजे, आणि तो गाण्याच्या फाइलमध्ये येत नाही. फ्लायरवर तारीख असते, तिकिटाचा दर असतो, आधी वाजवणाऱ्या आणि नंतर विसरल्या गेलेल्या दोन बँडची नावं असतात, कधी पुढच्या मोर्चाची वेळ असते. इतिहासकाराला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

आता होळीकडे परत येऊ, कारण तिचं अर्थशास्त्र कुणी तपासलेलं मला दिसलं नाही. १० मार्च १९७७ रोजी बकिंगहॅम राजवाड्यासमोर सेक्स पिस्टल्सनी ए अँड एम या कंपनीशी करारावर सह्या केल्या. आठवडाभरात कंपनीने करार मोडला. ‘गॉड सेव्ह द क्वीन’च्या सुमारे २५,००० प्रती तयार झाल्या होत्या. त्या नष्ट करण्याचा हुकूम निघाला आणि जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. कर्मचाऱ्यांनी बाजूला ठेवलेल्या किंवा हातोहात निसटलेल्या मोजक्या प्रती उरल्या. मे महिन्यात व्हर्जिन या दुसऱ्या कंपनीने तेच गाणं काढलं आणि त्याच्या ढिगाने प्रती खपल्या. व्हर्जिनची प्रत आज सामान्य माणसाला घेता येते. ए अँड एमची, एएमएस ७२८४ क्रमांकाची प्रत मात्र जगातल्या सर्वांत महाग सिंगल्समध्ये गणली जाते आणि हजारो पौंडांना जाते. गाणं तेच आहे, आवाजही तोच. हा भाव कुणी चढवला? कंपनीच्या विध्वंसाने चढवला.

थेम्समधल्या होळीनेही नेमकं हेच केलं. ज्या वस्तू जळाल्या त्यांच्या जोडीच्या वस्तू ज्यांच्या तिजोरीत आहेत, त्यांची त्या दिवशी चांदी झाली. पुढे २०२२मध्ये सदबीज या लिलावगृहात सेक्स पिस्टल्सच्या वस्तूंचा एक मोठा खासगी संग्रह विकायला निघाला. बाजार जागेवरच होता. माल कमी झाला की खरेदीदार श्रीमंत होत जातो आणि किंग्ज रोडवरचा शर्ट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, कुणाच्या दृष्टीस न पडता फिरत राहतो. पंकला श्रीमंतांच्या हातून सोडवायचं असेल तर वस्तू जास्तीत जास्त सामान्य घरांत जायला हव्यात. संग्रह विकून पैसे चांगल्या कामाला द्या, असं कोरे यांना अनेकांनी सुचवलं होतं. त्यांना तो वाटूनही टाकता आला असता. फुकट वाटलेला बिल्ला हे लिलावगृहाला दिलेलं खरं उत्तर ठरलं असतं.

आणि जळण्यासारखं, हरवण्यासारखं सर्वांत जास्त कुणाचं असतं, हेही पाहा. पिस्टल्स आणि क्लॅश यांचं काही हरवणार नाही. क्लॅशच्या पॉल सिमोननने १९७९मध्ये न्यू यॉर्कच्या रंगमंचावर आपटून फोडलेला, ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर कायमचा दिसणारा बेस गिटार लंडन म्युझियममध्ये पोहोचला आहे. मला काळजी आहे ती एलियन कल्चरसारख्यांची. १९७९ ते १९८१ या काळात दक्षिण लंडनमध्ये पाकिस्तानी स्थलांतरितांच्या तीन मुलांनी एका गोऱ्या मित्राला घेऊन हा बँड चालवला. परक्या संस्कृतीच्या लोकांखाली देश बुडून जाण्याची भीती मार्गारेट थॅचर यांनी १९७८मध्ये टीव्हीवर बोलून दाखवली होती. बँडचं नाव त्याच वक्तव्याला उत्तर होतं. त्यांची एकच सिंगल निघाली, १९८०मध्ये, ‘एशियन यूथ’. ती निघाली रॉक अगेन्स्ट रेसिझम या मोहिमेच्या लेबलवर. एरिक क्लॅप्टनने १९७६मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली, तिच्या निषेधातून ही मोहीम उभी राहिली होती. ३० एप्रिल १९७८ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला तिचा मोर्चा व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला आणि तिथे क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, स्टील पल्स वाजले. पंक आणि रेगे एकाच मंचावर, समोर हजारोंचा जमाव. त्या मोहिमेचा पंचकोनी तारा असलेला पत्र्याचा बिल्ला आजही थोड्या पैशांत मिळतो. भारतात मागवला तर बिल्ल्यापेक्षा टपालखर्च जास्त होतो. तो मी मागवला आणि जपला आहे. आपल्या उपखंडातून गेलेल्या माणसांच्या बाजूने इंग्लंडची तरुण पोरं छातीवर काय लावून रस्त्यावर उतरली होती, हे त्या बिल्ल्यावर दिसतं. तो जाळण्याचा उपदेश मला कुणी करू नये.

संग्रहालयं आहेत की, असंही म्हणतात. आहेत, आणि चांगली आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स लायब्ररीत रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीची कागदपत्रं आहेत, त्यात बिकिनी किल या बँडच्या कॅथलीन हॅना हिने दिलेलीही आहेत. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४पासून शहराच्या पंकचं दफ्तर उभं केलं. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात पंकचे इतिहासकार जॉन सॅव्हेज यांचा संग्रह आहे, कॉर्नेल विद्यापीठातही मोठा पंक संग्रह आहे. पण तिथला प्रत्येक कागद आधी कुणाच्या तरी घरी होता. कुणीतरी तो सभागृहाबाहेरच्या खांबावरून काढला होता, कुणीतरी दुसऱ्याकडून विकत घेतला होता. मार्क पेरीच्या ‘स्निफिंग ग्लू’ या फॅनझिनचा पहिला अंक जुलै १९७६मध्ये निघाला तेव्हा त्याच्या पन्नासेक प्रतीच होत्या. त्या दिवशी कोणता ग्रंथपाल तो घ्यायला गेला होता? आपल्याकडे साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांचं हेच झालं. सायक्लोस्टाइल केलेले ते अंक टिकले ते बहुतांशी वाचकांच्या कपाटांत आणि रद्दीवाल्याकडून सोडवून आणणाऱ्यांच्या हातांत. संस्था नंतर येतात. आधी वेडा माणूस लागतो.

भावांबद्दल आणि नकलांबद्दलची तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. उपाय मला खरेदी थांबवण्यात दिसत नाही, खरेदीदार शहाणा होण्यात दिसतो. बँडच्या नावाने शोधलं की सगळ्यात महाग माल वर येतो, म्हणून सभागृहाच्या नावाने शोधा: लंडनचं रॉक्सी, लिव्हरपूलचं एरिक्स, सॅन फ्रान्सिस्कोचं माबुहाय गार्डन्स. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडच्या नावाने शोधा. नावाचं स्पेलिंग चुकवून शोधा, कारण घरातली अडगळ विकायला काढणारा माणूस स्पेलिंग चुकवतो, दलाल चुकवत नाही. ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर एकेका रेकॉर्डच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद आणि विक्रीचा इतिहास आहे. रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर विक्रेत्याकडून फोटोसकट मागून घ्या आणि तिथल्या नोंदीशी ताडून पाहा. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

फ्लायरचं काम सर्वांत अवघड, कारण अस्सल फ्लायर हीच मुळात झेरॉक्स. ब्लॅक फ्लॅग या बँडसाठी रेमंड पेटिबॉनने काढलेली चित्रं लॉस एंजेलिसमधल्या विजेच्या खांबांवर चिकटायची. आता त्याची चित्रं गॅलऱ्यांत लागतात आणि त्या फ्लायरच्या नकलांना ऊत आला आहे. तरीही खुणा असतात. अमेरिकेतला कागद साडेआठ बाय अकरा इंची, त्यामुळे लॉस एंजेलिसचा १९८१चा फ्लायर ए-फोर कागदावर दिसला तर तो तिथेच बाद. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की बारीक रेघा तुटतात आणि काळे भाग भरून येतात. स्कॅन करून इंकजेटवर छापलेला कागद भिंगाखाली रंगीत ठिपके दाखवतो. टाचणीची भोकं, पिनेचा गंज, चिकटपट्टीचा पिवळा डाग या गोष्टी विक्रेत्याने झाकल्या तर संशय घ्या, आपणहून दाखवल्या तर भरवसा वाढतो. टीशर्टाच्या बाहीला आणि खालच्या कडेला एकेरी शिलाई असली की तो नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असण्याची शक्यता बरीच. पण लबाड लोक जुने कोरे शर्ट घेऊन त्यांवर नवी छपाई करतात, म्हणून शिलाईसोबत छपाईलाही तेवढेच तडे गेले आहेत का, ते पाहा. सेडिशनरीजच्या कपड्यांबाबत तर लेखी पूर्वेतिहास असल्याशिवाय मोठी रक्कम कुणी मोजू नये. इतक्या नकला त्या दुकानाच्या नावाने फिरत आहेत.

या सगळ्यात एक प्रश्न विक्रेत्याला न चुकता विचारा: हे तुमच्याकडे कुठून आलं? कित्येकदा उत्तर येतं की मी स्वतः त्या रात्री तिथे होतो किंवा होते, आणि त्याखाली चार ओळी असतात. कोण सोबत होतं, पाऊस होता का, दाराशी किती पैसे घेतले. त्या चार ओळी जपून ठेवा. वस्तूइतकंच मोल त्यांना आहे, आणि त्या माणसांची वयं आता सत्तरीकडे झुकली आहेत.

तेव्हा खरेदी करा, पण मालकाच्या ताठ्याने नको. घेतलेला प्रत्येक कागद स्कॅन करा, तो कुणाकडून आणि कोणत्या माहितीसह आला ते लिहा, ती प्रत मागेल त्याला मोकळेपणाने द्या. विकायची वेळ आली तर ती नोंद वस्तूबरोबर पुढच्या माणसाला द्या आणि घेतल्या भावाच्या आसपास विका. लंडनमध्ये, लीड्समध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारे तुमचे कुणी नातलग त्या काळात तरुण असतील, तर त्यांच्या माळ्यावरच्या पेट्या त्यांच्या मुलांनी रिकाम्या करण्याआधी त्यांना फोन करून विचारा.